गेटिसबर्गच्या हिरव्या तोफा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मुलाकडे-लेकीकडे गेलेल्या मंडळींची यादी बहुतेक ठरलेली असते: न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा. त्यातून एखादा शनिवार उरलाच, तर पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत इथे अमेरिकी यादवी युद्धातली, म्हणजे उत्तरेची राज्यं विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं या युद्धातली, सर्वांत रक्तरंजित लढाई झाली. ते रणांगण आता राष्ट्रीय उद्यान म्हणून जपलंय. लढाईत ज्या तुकडीने जिथे तोफा लावल्या होत्या, तिथे आज तोफा मांडून ठेवल्यात. अशा शेकडो आहेत. पहिल्या दहा-पंधरा बघितल्या की सगळ्या सारख्याच वाटायला लागतात, आणि मग कोणी गाडीतून उतरायला तयार होत नाही.

रंगाकडे लक्ष दिलं तर हा कंटाळा टळतो. काही तोफा काळ्या आणि सडपातळ आहेत, काही हिरव्या आणि अंगाने भरलेल्या. काळ्या लोखंडाच्या. त्यांच्या नळीत आतून पिळाचे आटे कापलेले असतात, त्यामुळे गोळा गरगर फिरत बाहेर पडतो. हिरव्या कांस्याच्या, आणि त्यांची नळी आतून साफ गुळगुळीत. या नियमाला अपवाद आहेत, पण उद्यानात फिरायला एवढा पुरतो. हिरवा रंग लावलेला नाही. तांब्याचं प्रमाण जास्त असलेला धातू दीडशे वर्षं उन्हापावसात राहिला की त्याच्यावर हा थर आपोआप चढतो. लढाईच्या वेळी याच तोफा सोनेरी-तपकिरी दिसत असणार.

या हिरव्या तोफांमध्ये सर्वांत जास्त दिसते ती १८५७ सालच्या नमुन्याची १२ पौंडी तोफ, म्हणजेच 'नेपोलियन'. हा नेपोलियन वॉटर्लूवाला नव्हे, त्याचा पुतण्या, फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन. त्याच्या तोफखान्यात १८५३ मध्ये आलेल्या तोफेवरून अमेरिकेने आपला नमुना घेतला. १२ पौंडी म्हणजे तोफेचं वजन नव्हे, भरीव गोळ्याचं. नुसती नळीच साडेपाचशे किलोंच्या आसपास भरते. लांबी साधारण पावणेदोन मीटर, आतला व्यास ४.६२ इंच.

आता खरा प्रश्न. १८६३ मध्ये आटेदार तोफा सहज मिळत होत्या. पेनसिल्व्हेनियातच फीनिक्सव्हिलच्या कारखान्यात घडीव लोखंडाच्या ३ इंची तोफा बनत होत्या. त्या नेपोलियनपेक्षा कितीतरी हलक्या, दारू कमी लागायची, मारा लांबचा आणि नेम असा की पावणेदोन किलोमीटरवरची तोफ टिपता यावी. कागदावर पाहिलं तर गुळगुळीत नळीचे दिवस भरले होते. तरीही गेटिसबर्गला उत्तरेच्या सैन्याजवळच्या साडेतीनशेवर तोफांपैकी दर पाचांतल्या दोन नेपोलियन होत्या. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने तर डिसेंबर १८६२ मध्ये सरकारला लिहून सुचवलं होतं, की आपल्या जुन्या ६ पौंडी कांस्य तोफा वितळवा आणि त्यातून नेपोलियन ओता. जुनं तंत्र एवढं हवंहवंसं का वाटत होतं?

आधी तिचे दोष पाहू, कारण तिचे गुण त्यांच्याच पोटात आहेत.

ही ठासणीची तोफ. दारू आणि गोळा दोन्ही तोंडातून आत जातात. गोळा नळीत अगदी घट्ट बसणारा ठेवला, तर चार बार झाल्यावर आत जमलेल्या दारूच्या काजळीमुळे पाचवा गोळा आत जाणारच नाही. म्हणून गोळा मुद्दाम लहान ठेवायचे. नळी ४.६२ इंच, गोळा ४.५२ इंच. म्हणजे सगळी मिळून अडीच मिलिमीटर मोकळी जागा. दारू पेटली की थोडा वायू या फटीतून निसटतो आणि तेवढा जोर वाया जातो. शिवाय गोळा नळीतून सरळ न जाता खालीवर, डावीउजवीकडे आपटत पुढे सरकतो. तोंडाशी त्याची शेवटची धडक ज्या बाजूला बसेल, त्याच्या उलट बाजूला तो थोडा कललेला निघतो. त्या धडकेने त्याला कशीही गिरकी मिळते, आणि हवेत तो आणखी वळतो. गोलंदाजाने कितीही अचूक नेम धरला तरी शेवटचा शब्द त्या धडकेचा.

बाहेर पडताना वेग सेकंदाला सुमारे ४४० मीटर, आवाजापेक्षा जास्त. पण गोल आकार हवा कापायला वाईट, त्यामुळे वेग भराभर उतरतो. नळी ५ अंश वर उचलली तर गोळा साधारण दीड किलोमीटर जायचा. एवढ्या लांबून एखादी तोफ किंवा घर हेरून मारायचं म्हणजे बराचसा नशिबाचाच भाग.

पण लक्ष्य एवढं लहान असायचंच कुठे? त्या काळचं पायदळ खांद्याला खांदा लावून, शेकडो मीटर लांबीच्या रांगा करून चालत यायचं. गोळा चार हात डावीकडे गेला काय नि उजवीकडे गेला काय, कोणीतरी वाटेत असणारच. उंचीची चूकही बरीचशी भरून निघायची. तळ्यात चपटा दगड भिरकावून आपण भाकऱ्या काढतो, तसा हा भरीव गोळा टणक जमिनीवर टप्पे घेत जायचा, आणि बरेचसे टप्पे माणसाच्या उंचीच्या खालचेच. उलट आटेदार तोफेचा लांबुळका, टोकदार गोळा मऊ शेतात पडला की तिथेच रुतून बसायचा.

ती अडीच मिलिमीटरची फटही कामाला यायची. फुटणाऱ्या पोकळ गोळ्याला ठरावीक वेळाने आग लागावी म्हणून वर एक मऊ धातूची चकती बसवलेली असे. चकतीवर सेकंद आणि पाव सेकंदाच्या खुणा, सव्वापाच सेकंदांपर्यंत. मागे दारूगोळ्याच्या पेटीजवळ उभा असलेला माणूस अंतराचा अंदाज ऐकून योग्य खुणेवर भोक पाडायचा. ती चकती पेटवायची कोणी? बार होताना फटीतून गोळ्याच्या पुढे निसटलेली ज्वाळा ते काम करायची. वेगळी युक्ती लागायची नाही. आटेदार तोफेत गोळ्याचा बुडखा फुगून आट्यांत घट्ट बसतो, ज्वाळा पुढे पोचायला वाटच नीट राहत नाही, आणि मग आपटल्यावर फुटणाऱ्या किंवा आणखी खटपटीच्या रचना कराव्या लागतात.

एका तोफेवर एक मुख्य गोलंदाज आणि सात जण. प्रत्येकाला नाव नाही, नंबर. एक नंबर ओल्या बोळ्याचा गज नळीत घालून आतले निखारे विझवतो. दोन नंबर दारूची पिशवी आणि गोळा एकत्र बांधलेली जोडी तोंडात ठेवतो, एक नंबर ती ठासतो. हे चालू असताना तीन नंबरने चामड्याची टोपी घातलेल्या अंगठ्याने तोफेचा कान, म्हणजे मागच्या बाजूचं बत्तीचं भोक, दाबून धरायचा. हे काम दिसायला फालतू, पण सगळ्यांचा जीव त्यावर. अंगठा उचलला तर कानातून हवेचा झोत जाऊन राहिलेला निखारा फुलतो, दारू अवेळी पेटते, आणि तोंडासमोर उभ्या असलेल्या एक-दोन नंबरांचे हात जातात. ठासून झालं की तीन नंबर कानातून तार खुपसून पिशवी फोडतो. चार नंबर तांब्याची बारीक नळी कानात बसवतो, तिला अडकवलेली दोरी लांब धरतो आणि हुकूम झाला की ओढतो. बाकीचे पेटीतून गोळे आणतात, वेळेची चकती भोसकून देतात. मिनिटाला दोन नेमाचे बार, ही चांगली गती.

प्रत्येक बारानंतर तोफ मागे जायची. धक्का शोषून घेणारी कसलीही योजना नव्हती. साडेपाच किलोंचा गोळा त्या वेगाने पुढे फेकायचा, म्हणजे हजार किलोंवरची तोफ गाड्यासकट मागे फेकली जाणार. हिशोब केला तर सेकंदाला अडीच-तीन मीटर वेग येतो. मग सगळ्यांनी मिळून ती पुन्हा पुढे ढकलायची, पुन्हा नेम धरायचा. या धक्क्याची गंमत पुढे ट्रॉसलच्या शेतात येईल.

आता ज्यासाठी नेपोलियन हवी असायची तो प्रकार. पत्र्याचा एक डबा, त्यात लाकडाच्या भुशात रचलेले लोखंडाचे २७ गोळे, प्रत्येकाचा व्यास साधारण दीड इंच. तोफेतून सुटताच डबा फुटतो आणि सत्तावीसच्या सत्तावीस गोळे पंख्यासारखे पसरत जातात. याला कॅनिस्टर म्हणत. तीनशे मीटरच्या आतलं हत्यार. शत्रू अगदी जवळ आला की दोन डबे एकदम ठासायचे, म्हणजे एका बारात ५४ गोळे. आटेदार तोफेतूनही कॅनिस्टर सोडता येतं, पण दोन अडचणी. तिची नळी अरुंद, त्यामुळे गोळे कमी बसतात. आणि आटे डब्याला गरगर फिरवतात, म्हणून गोळे बाहेर पडताच कडेला फेकले जातात आणि मधली जागा बरीचशी मोकळी राहते. नेपोलियनची रुंद, साफ नळी यासाठीच जणू घडवलेली. अमेरिकेतलं बरंचसं युद्ध झालं ते जंगलं, झुडपं आणि चढउतारांच्या मुलखात. शत्रू पाचशे मीटरवर दिसला तरी खूप झालं. तिथे तीन किलोमीटरच्या माऱ्याचं करायचं काय?

कॅनिस्टरची कल्पना नवी नव्हती. गेटिसबर्गच्या साठ वर्षं आधी, सप्टेंबर १८०३ मध्ये, आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंद्यांच्या गोलंदाजांनी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या ७४ व्या पलटणीची जी दशा केली, ती बरीचशी याच प्रकारच्या माऱ्याने.

२ जुलैच्या संध्याकाळी गेटिसबर्गला एब्राहम ट्रॉसलच्या शेतावर उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्सच्या ९ व्या तोफखान्याचा कॅप्टन जॉन बिगेलो सहा नेपोलियन घेऊन अडकला. त्या तुकडीची ही पहिलीच लढाई. समोरून दक्षिणेच्या मिसिसिपीचं पायदळ येत होतं आणि बाजूला आपलं कोणी उरलं नव्हतं. तोफा घोड्यांना जुंपायला थांबलं तर तेवढ्या वेळात सगळे मारले जातील. बिगेलोने तोफा लांब दोराने घोडे जुंपलेल्या पुढच्या गाड्यांना बांधल्या. तोफेचं तोंड शत्रूकडेच. बार झाला की तोफ धक्क्याने मागे येते, घोडे दोराची ढिलाई ओढून घेतात, तेवढ्यात पुन्हा ठासायचं, पुन्हा बार. मागे हटायचं काम तोफेच्या धक्क्यानेच करून घेतलं. तीन-चारशे मीटर ते असे मागे आले आणि ट्रॉसलच्या घराजवळच्या दगडी कुंपणाच्या कोपऱ्यात कोंडले गेले.

तिथे त्याला हुकूम मिळाला: मागे नवी फळी उभी राहीपर्यंत काहीही झालं तरी जागा सोडायची नाही. मागून मदत येणार नव्हती. ते कॅनिस्टर झाडत राहिले. शत्रू तोफांमध्ये घुसला तेव्हा शेवटी दोन तोफा निघाल्या आणि चार तिथेच राहिल्या. त्या नंतर परत मिळाल्या. तुकडीच्या ८८ घोड्यांपैकी ८० मेले किंवा निकामी झाले. घायाळ बिगेलोला बिगुल वाजवणाऱ्या चार्ल्स रीडने घोड्यावर घालून गोळीबारातून बाहेर काढलं. त्यासाठी त्याला पुढे मेडल ऑफ ऑनर मिळालं. अंगणात पडलेल्या घोड्यांचा लढाईनंतर काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. ट्रॉसलचं विटांचं धान्यकोठार अजून उभं आहे आणि त्याच्या भिंतीतलं तोफगोळ्याचं भोक रस्त्यावरूनही दिसतं. उद्यानात एकाच ठिकाणी गाडी थांबवायला वेळ असेल, तर माझं मत ट्रॉसलच्या शेताला. दक्षिणेच्या जनरल पिकेटच्या हल्ल्याच्या जागी गर्दी असतेच.

तो हल्ला दुसऱ्या दिवशीचा. ३ जुलैला दुपारी एकच्या सुमारास दक्षिणेच्या सुमारे दीडशे तोफा समोरच्या टेकाडावर धडाडू लागल्या. मधलं अंतर सव्वा किलोमीटरच्या घरात. हे गुळगुळीत नळीच्या कुवतीच्या टोकाचं अंतर, त्यात धुराने समोरचं काही दिसेना, आणि बरेच गोळे टेकाडावरून पलीकडे जाऊन पडले. उत्तरेच्या तोफखान्याचा प्रमुख हेन्री हंट याने आपल्या तोफा हळूहळू गप्प करायला सांगितल्या, दारूगोळा वाचवायला. समोरच्यांना वाटलं तोफा निकामी झाल्या. मग सुमारे साडेबारा हजार माणसं उघड्या शेतातून चालत निघाली. शेवटच्या तीनशे मीटरवर कॅनिस्टरने काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको. झिगलरच्या राईजवळ उत्तरेच्या वुडरफच्या सहा नेपोलियन होत्या. निघालेल्यांपैकी निम्मे परतले नाहीत किंवा जखमी होऊन परतले.

त्याच दुपारच्या माऱ्यात उत्तरेच्या बाजूच्या ऱ्होड आयलंडच्या एका नेपोलियनच्या तोंडावर दक्षिणेचा गोळा येऊन फुटला. नेमके तेव्हा एक आणि दोन नंबर ती भरत होते. दोघेही गेले. उरलेल्यांनी नवा गोळा ठासायचा प्रयत्न केला, पण तोंड चेपलं होतं, गोळा तिथेच अडकला. तापलेला धातू निवला तसा तो कायमचा घट्ट बसला. ती तोफ आज प्रॉव्हिडन्सच्या राज्य विधानभवनात ठेवलेली आहे, तोंडात गोळा तसाच. १९६२ मध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं, की गोळा आत आहे म्हणजे त्यामागे दारूही असणार. होतीच. ९९ वर्षं लोक त्या भरलेल्या तोफेशेजारून ये-जा करत होते.

हे हसण्यावारी नेऊ नये. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या एका जुन्या इंग्रजी तोफेची २०१३ मध्ये सफाई करताना आत दारू आणि गोळा निघाला, आणि पोलिसांना बोलवावं लागलं. गडावरच्या तोफेच्या तोंडात हात घालणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

ही दारू आली कुठून, याची एक वाट थेट हिंदुस्थानात येते. काळ्या दारूत साधारण तीन चतुर्थांश सोरा, बाकी कोळसा आणि गंधक. नेपोलियनच्या एका बाराला सव्वा किलोच्या आतबाहेर दारू लागायची, म्हणजे त्यात पाऊण-एक किलो सोरा. त्या काळी जगातला उत्तम सोरा बिहारात निघायचा. नुनिया लोक गावातल्या जुन्या भिंतींलगतची, गुरांच्या गोठ्यांजवळची खारट माती खरवडून, पाण्यात विरघळवून, आटवून तो काढत. पुढे तो कलकत्त्याहून जहाजाने इंग्लंडला जाई. १८६१ च्या शेवटी उत्तरेच्या सरकारने ड्यू पॉन्ट या तोफेची दारू बनवणाऱ्या घराण्यातल्या लॅमॉटला गुपचूप इंग्लंडला पाठवून तिथला मिळेल तेवढा सोरा उचलायला लावला. जहाजं भरत होती, आणि नेमकं तेव्हाच उत्तरेच्या आरमाराने 'ट्रेंट' या इंग्रजी जहाजावरून दक्षिणेचे दोन वकील, म्हणजे दूत, उतरवून घेतल्याची बातमी तिथे पोचली. चिडलेल्या ब्रिटनने सोरा अडवून धरला. वकील सोडले तेव्हा कुठे माल सुटला. चिलीकडचा स्वस्त सोरा होता, पण तो हवेतला ओलावा ओढून घेतो. खाणीच्या सुरुंगाला चालतो, तोफेला नाही.

दक्षिणेची अडचण वेगळी होती, तांब्याची. कांस्यात दहातले नऊ भाग तांबं. कांस्य महाग, पण चिवट. ओतीव लोखंडासारखं अचानक फुटून आपल्याच माणसांचे तुकडे करत नाही. टेनेसीतल्या डकटाउनच्या खाणी हे दक्षिणेचं तांब्याचं मुख्य ठिकाण. १८६३ च्या नोव्हेंबरात चॅटनूगाची लढाई हरल्यावर त्या हातच्या गेल्या. मग रिचमंडच्या ट्रेडेगर कारखान्याने लोखंडाच्या नेपोलियन ओतायला घेतल्या, आणि फुटू नयेत म्हणून मागच्या भागावर जाड पट्टा चढवला. अशी काळी, पट्टेवाली नेपोलियन कुठे दिसली तर ती गेटिसबर्गच्या लढाईत नव्हती, एवढं न विचारता सांगता येतं.

उद्यानातल्या हिरव्या नेपोलियनजवळ गेलात तर आधी तोंडाचा कडेचा आकार पाहा. उत्तरेच्या तोफेचं तोंड पुढे फुगीर होत जातं. दक्षिणेच्या बहुतेक तोफांचं सरळ, फुगवटा नसलेलं. मग तोंडावरची अक्षरं वाचा. उत्तरेच्या तोफेवर अनुक्रमांक, ओतणाऱ्या कारखान्याचं नाव, तपासनिसाची आद्याक्षरं, साल आणि पौंडांतलं वजन कोरलेलं असतं. रिव्हिअर हे नाव दिसलं तर बोस्टनचा तांब्याचा कारखाना. सालाकडे नीट बघा: काही तोफा १८६४ च्या निघतात, म्हणजे लढाई झाली तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. तोफा नंतर गोळा करून मांडल्या, त्यामुळे 'हीच ती' असं फार थोड्यांबद्दल म्हणता येतं.

गाडा मात्र कुठलाच खरा नाही. मूळचे लाकडी गाडे उघड्यावर टिकणारे नव्हते, म्हणून १८९० च्या दशकात गेटिसबर्गमधल्याच कॅल्व्हिन गिल्बर्टच्या कारखान्यात ओतीव लोखंडाचे गाडे करून घेतले आणि त्यांना रंग दिला. आणि काही हिरव्या 'नेपोलियन' तर नेपोलियनही नाहीत. तोफा कमी पडल्या म्हणून १८४१ च्या नमुन्याच्या जुन्या ६ पौंडी तोफा आतून कोरून रुंद केल्या, बाहेरून तासून तशा दिसतील अशा केल्या आणि रांगेत उभ्या केल्या. लीने ज्या ६ पौंडी तोफा वितळवायला सांगितल्या होत्या, त्यांच्याच जातीच्या या.